सात नंबरची जाळी

१

सात नंबरच्या घराचं दार उघडलं की घट्ट झाकणाची बरणी उघडावी तसा आवाज यायचा. बुधवारी पंखेवालीला तो आवाज आवडला होता. शुक्रवारी सकाळी दहाला तोच आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला, कारण आत नकाशावाले काका मरून पडले होते.

काका पलंगावर कुशीवर होते. पांघरूण खांद्यापर्यंत नीट ओढलेलं, गाल गुलाबी. जन्मभर नकाशांवर वाकून पिवळट पडलेला हा माणूस मेल्यावर पहिल्यांदाच धडधाकट दिसत होता.

"कार्बन मोनॉक्साइड," इन्स्पेक्टर रुमालाआडून म्हणाला. त्याला सर्दी झाली होती, त्यामुळे तो काहीही बोलला तरी शोकसंदेश वाटत होता. "डॉक्टर बघताक्षणी म्हणाले. गॅसचा हीटर रात्रभर चालू आणि हवा बंद. वास नाही, धूर नाही. माणूस झोपतो तो झोपतोच."

खोलीत त्याचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो खिडकीतून दिसला, ऐकू आला नाही. या घरांची जाहिरातच तशी होती: बाहेरचं काही आत येणार नाही.

पंखेवालीचं काम लोकांच्या घरातल्या फटी मोजायचं. घरं किती गरम राहतात, किती थंड होतात आणि त्यांत हवा कशी खेळते याचं नवीन मानक आलं, तेव्हापासून श्रेणी मिळाल्याशिवाय घर विकता येईना. ती बाहेरच्या दारात एक मोठा पंखा बसवायची, घरातली हवा बाहेर ओढायची, आणि फटीफटीतून किती हवा आत घुसते ते यंत्रावर वाचायची. आकडा जितका लहान तितकं घर घट्ट, आणि मालक तितका ताठ. बावीस वर्षं हे केल्यावर तिचं नाव उरलं नव्हतं. सगळे पंखेवाली म्हणायचे, काही तोंडावरही.

"इकडे या," इन्स्पेक्टर म्हणाला.

खिडकीच्या खाली, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, भिंतीत वीतभर रुंद लोखंडी जाळी होती. उघड्या ज्योतीचा हीटर असलेल्या खोलीला अशी जाळी ठेवावीच लागते. ज्योतीलाही श्वास लागतो. जाळीखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'ही जाळी कधीही बंद करू नये.' आणि जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळी चिकटपट्टी होती.

"ही तुमचीच ना?"

तिचीच होती. चाचणीपुरत्या काही झडपा झाकायला ती हीच पट्टी वापरायची. रंगाला इजा न करता निघते म्हणून मुद्दाम बाहेरून मागवायची.

"चाचणीनंतर काढायची राहिली, असं वसाहतीच्या चेअरमनसाहेबांचं म्हणणं आहे. गेल्या शनिवारी भिंतींचं काम केलेल्या ठेकेदारांचंही. निष्काळजीपणाने मृत्यू, असं कलम लागेल." इन्स्पेक्टर शिंकला. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

ती 'नाही' म्हणायला गेली. सुरक्षेची जाळी चाचणीतही झाकायची नसते, हे तिला झोपेत विचारलं तरी आलं असतं. पण गेल्या महिन्यात तिने चष्मा कपाळावर ठेवून अर्धा तास चष्मा शोधला होता. बुधवारची दुपार आठवायला गेली आणि तिला फक्त पंख्याची घरघर आठवली. आपला हात त्या जाळीजवळ गेला होता की नाही, ते तिला आठवेना.

२

"एक अडचण आहे," इन्स्पेक्टर स्वयंपाकघरात बसून म्हणाला. "यातलं मला काही कळत नाही. खात्याचे दुसरे तज्ज्ञ रजेवर आहेत. म्हणजे संशयित तुम्ही आणि सल्लागारही तुम्हीच. सोयीचं नाही, पण आहे हे असं आहे. तुम्ही ऐका, मी विचारतो. खोटं बोललात तर मला कळेल." थोडं थांबून तो म्हणाला, "बहुतेक."

तिने वही काढली. तिची एक सवय होती, सहकारी हसायचे अशी. झाकायला वापरलेल्या प्रत्येक पट्टीवर ती नंबर घालायची, आणि चाचणी झाली की पट्टी काढून वहीत चिकटवायची. सात नंबरच्या पानावर तीन पट्ट्या होत्या: स्वयंपाकघराचा पंखा एक, न्हाणीघराचा पंखा दोन, माळ्याची झडप तीन.

"चौथी नाही," ती म्हणाली. "आणि त्या जाळीवरच्या पट्टीवर नंबरही नाही."

"चौथी भिंतीवर राहिली म्हणूनच वहीत नाही, असंही होऊ शकतं."

होऊ शकत होतं. तिने वही मिटली.

चेअरमन आले ते काखेत फाइल घेऊनच. बारा घरांच्या या वसाहतीला त्यांनी गेली तीन वर्षं आयुष्य वाहिलं होतं, आणि वसाहतीने ते नको नको म्हणत स्वीकारलं होतं.

"आज सकाळी आठला मी आणि ठेकेदार फाटकावर 'अ श्रेणी वसाहत' ही पितळी पाटी लावायला आलो," ते म्हणाले. "म्हटलं, नकाशावाल्यांनाही फोटोला बोलावू. कारण इतके दिवस त्यांच्यामुळेच तर अडलं होतं. बाकीची घरं 'अ', आणि सात-आठची ही जोडी 'क'! ती जाळी, तो हीटर. म्हणायचे, ज्या उष्णतेला ज्योत नाही तिच्यावर माझा भरवसा नाही. सांगा आता."

"मग पुढे?"

"दार उघडेनात. माझ्याकडे जादा किल्ली होती. आत गेलो, बघितलं, हीटर बंद केला. फोन करायला बाहेर धावलो. या घरांत फोन लागत नाही हो, भिंतीत चंदेरी कागद आहे ना! पार फाटकापर्यंत जावं लागतं. पाच-सात मिनिटं गेली."

"ठेकेदार?"

"ते काकांजवळ थांबले. कुणीतरी थांबायला हवंच ना." चेअरमननी आवाज खाली आणला. "साहेब, माणूस गेला, फार वाईट झालं. पण ती पाटी... श्रेणी तर बुधवारीच मिळालीय. ती रद्द नाही ना होत?"

इन्स्पेक्टरने नाक पुसलं.

काकांची पुतणी बसच्या ड्रायव्हरच्या गणवेशातच आली. अर्धी फेरी दुसऱ्याच्या हवाली करून. तिने काकांच्या कपाळाला हात लावला, मग खोलीभर पाहिलं, आणि रिकाम्या आकड्यावर तिची नजर थांबली. तिथे पूर्वी पिंजरा असायचा.

"पक्षी कुठेय?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"माझ्या घरी."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

इन्स्पेक्टर आणि पंखेवालीने एकमेकांकडे पाहिलं. घर पुतणीला मिळणार होतं. आणि घरातला जो दुसरा जीव सर्वांत आधी मेला असता, तो चार दिवस आधीच तिने उचलून नेला होता.

३

"असं काय बघताय?" पुतणीचा आवाज चढला. "सोमवारी आले तर पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला, पिसं फुगवून. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, म्हातारा झालाय, चार दिवसांचा सोबती. म्हटलं काकांच्या डोळ्यांदेखत नको. बसमध्ये शेजारी ठेवून नेला. आणि मंगळवारी सकाळी गाढव असा ओरडायला लागला की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली!"

"म्हणजे तुमच्याकडे गेल्यावर बरा झाला?"

"ठणठणीत. काकांचा फाटकावरून फोन आला तेव्हा सांगितलं, तर म्हणाले, मलाही घेऊन जा तुझ्याकडे, माझंही डोकं चार दिवस दुखतंय. मला वाटलं, गंमत करतायत." ती थांबली. "शनिवारी नेणार होते."

पंखेवालीने बोटांवर वार मोजले. सोमवार. तिची चाचणी बुधवारी होती. पक्षी सोमवारी आजारी होता.

तिला आता बुधवार आठवला, नको तेवढा. पंखा लावून तासभर झाला होता. काका खुर्चीत बसून होते, आणि ती पंखा बंद करायला गेली तेव्हा म्हणाले होते, "बाई, राहू द्या ना जरा वेळ. डोकं हलकं वाटतंय." ती हसली होती. म्हणाली होती, "काका, मला अजून एक घर करायचंय."

हे तिने इन्स्पेक्टरला सांगितलं नाही. सांगणार होती. पण तेवढ्यात त्याने भिंतीवर बोट ठेवलं. पलंगाच्या वरच्या बाजूला दोन स्क्रू आणि रंगावर एक स्वच्छ गोल डाग होता.

"इथे काय होतं?"

"अलार्म," पंखेवाली म्हणाली. "हवेत हा गॅस वाढला की वाजतो. मानकात सक्तीचा आहे. बुधवारी..." बुधवारी तो होता का? अलार्मची तपासणी दुसऱ्या खात्याकडे. तिच्या कागदावर त्याचा रकानाच नव्हता, म्हणून तिने वर पाहिलंच नव्हतं.

"विचारा शेजारच्या वहिनींना," पुतणी म्हणाली. "त्यांना वसाहतीतलं सगळं माहीत असतं."

आठ नंबरच्या वहिनींना खरंच सगळं माहीत होतं, आणि त्या ते सगळं दारातच सांगायला निघाल्या. दोन्ही घरांची एक भिंत सामाईक होती.

"तो डबा ना? सोमवारपासून नुसता किंचाळत होता, दोन्ही घरांतला! काकांचा वाजला की आमचा, आमचा वाजला की काकांचा, जुगलबंदी नुसती. ठेकेदार आले मंगळवारी, म्हणाले अख्खी खेप खराब निघालीय वहिनी, बदलून देतो. दोन्ही काढून घेऊन गेले. तेव्हापासून शांतता आहे बाई."

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" पंखेवालीने विचारलं. वहिनी बोलता बोलता कपाळ चोळत होत्या.

"डोकं धरतं हो घरात. दुकानात गेले की उतरतं. घरातल्या माणसांमुळेच असणार." त्या हसल्या. "पण एक चांगलं झालंय. आमच्या सासूबाई हल्ली अगदी गप्प झाल्यात. जेवण कमी, भांडण बंद. दुपारी हीटर लावून खोलीचं दार ओढलं की थेट दिवेलागणीला उठतात. अठरा वर्षांत एवढं सुख नव्हतं."

"आज उठल्या?"

"कशाला उठवू? तुम्ही उठवाल आणि जाल. निस्तरायचं मला."

इन्स्पेक्टर हसला. पंखेवालीही हसली, सभ्यतेपुरती. तिचं लक्ष निळ्या पट्टीत होतं. त्या क्षणी तिला स्वतःखेरीज कुणाची काळजी नव्हती. नंतर पुष्कळ दिवस तिला तेच हसू आठवत राहिलं.

४

चार वाजता ऊन खाली आलं आणि काकांच्या खिडकीतून तिरपं भिंतीवर पडलं. काकांना नेलं होतं. खोलीत पलंगाचा खळगा उरला होता.

पंखेवाली जाळीसमोर जमिनीवर बसली, आणि तिला रेघा दिसल्या.

"साहेब, बॅटरी द्या."

गॅस जळला की वाफ होते. बंद खोलीत ती वाफ सर्वांत थंड जागेवर, म्हणजे काचेवर, पाणी होऊन बसते. काचेवरून ते पाणी चौकटीवर, चौकटीवरून भिंतीवर ओघळतं. खिडकीखालच्या भिंतीवर अशा ओघळांच्या राखाडी रेघा होत्या, एकीवर एक, सुकून पुन्हा ओल्या झालेल्या. त्या सरळ खाली येत होत्या आणि निळ्या पट्टीच्या वरच्या कडेपाशी नाहीशा होत होत्या. पट्टीच्या खालून पुन्हा निघत होत्या. पट्टी मात्र कोरी होती.

"एवढं पाणी ओघळलं, आणि पट्टीवर एक थेंब सुकलेला नाही," ती म्हणाली. "काढून बघू?"

इन्स्पेक्टरने फोटो घेतला आणि मान हलवली. तिने नखाने कोपरा उचलला. पट्टी सर्रकन निघाली. खाली, लोखंडी जाळीवर, राखाडी रेघा अखंड होत्या.

"पाणी आधी, पट्टी नंतर," इन्स्पेक्टर हळू म्हणाला. "आणि किती नंतर?"

"शेवटचा ओघळ थांबल्यावर. काल रात्रभर हीटर चालू होता, म्हणजे काल रात्रीही पाणी होतं. आज सकाळी हीटर बंद झाला, दार उघडलं, तेव्हाच ओघळ थांबले असणार. ही पट्टी काका गेल्यावर लागलीय, साहेब."

"म्हणजे तुम्ही सुटलात."

तिने श्वास सोडला. दिवसभर तो कुठेतरी बरगड्यांत अडकून होता. आपण विसरलो नव्हतो. आपला हात तिथे गेला नव्हता. डोकं अजून शाबूत होतं. तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती उगाच खाली वाकून जाळीतून पाहू लागली.

मागे बाग होती. बागेवर चार वाजताचं ऊन होतं. वीतभर जाळीतून ते दिसायलाच हवं होतं.

जाळीपलीकडे काळोख होता.

तिने वहीचा एक चिटोरा फाडून जाळीसमोर धरला. चिटोरा हलला नाही. तिने जाळीच्या फटीतून पेन्सिल आत सारली. पेन्सिल भिंतीच्या जाडीइतकी गेली आणि कशाला तरी मऊशा, दबणाऱ्या गोष्टीला टेकली. बाहेर ओढली तेव्हा टोकाला पांढरा, हलका दाणा चिकटला होता.

"थर्मोकोल," ती म्हणाली.

५

"शनिवारी या भिंतींना बाहेरून थर्मोकोलचे तक्ते लावून वरून गिलावा केलाय," ती इन्स्पेक्टरला म्हणाली. "थंडी आत येऊ नये म्हणून. तक्ते जाळीच्या तोंडावरून गेले. जाळी शनिवारपासून बंद आहे."

इन्स्पेक्टर उठला. "मला फोन करायला हवा." आणि फोनकडे बघून शिवी गिळून तो फाटकाच्या दिशेने चालू लागला.

दार बरणीसारखं मिटलं. लगेच पुन्हा उघडलं. ठेकेदार आत आला. बूट पुसून आला. सभ्य माणूस होता.

"ताई, दार उघडं होतं, ऐकलं मी. खरं सांगू? मलाही आत्ताच कळतंय. तो गवंडी नवीन होता. त्याने जाळी बघितलीच नसणार. आता तो गावी गेलाय, पत्ता नाही."

पंखेवालीने पेन्सिलीच्या टोकावरचा पांढरा दाणा चिमटीत धरला.

"पण एक बघा." त्याने खुर्ची ओढली आणि बसला नाही, फक्त पाठीवर हात ठेवला. "तुम्ही बुधवारी इथे चाचणी केलीत. शनिवारपासून जाळी बंद असेल, तर बुधवारीही बंदच होती. आणि तुम्ही सही केलीत. असं निघालं तर मी जातो, पण तुम्हीही जाता. त्यापेक्षा असं म्हणू, की मागच्या भिंतीचं काम गुरुवारी झालं. बुधवारी जाळी उघडी होती. तुमचा कागद खरा, माझी चूक गवंड्याची. काका काही परत येणार नाहीत."

तो मऊ बोलत होता. खोली इतकी बंद होती की त्याचा प्रत्येक शब्द जिथे पडेल तिथेच राहत होता. तिला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून तिने वही उघडली. सात नंबरचं पान. तीन निळ्या पट्ट्या, आणि खाली आकडा.

तक्ते लावायच्या आधीच्या चाचणीत या घरात तासाला तीन पूर्णांक चार वेळा हवा बदलत होती. बुधवारी एक पूर्णांक दोन. 'अ' श्रेणीला दीडच्या आत लागतं. वीतभर भोक उघडं असताना कुठलंही घर एक पूर्णांक दोन देत नाही, हे शिकाऊ माणसालाही कळलं असतं. तिला कळलं नव्हतं, कारण ती खूश झाली होती. आकड्यापुढे तिने स्वतःच्या हाताने 'उत्तम' लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

हे पान फाडलं तर ठेकेदाराचा गुरुवार खरा ठरत होता. बावीस वर्षांची सही खरी राहत होती. तिचा अंगठा पानाच्या कडेवर होता. तिने तो तिथून काढला नाही, हेही खरं.

मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली.

'आठ नंबर. एक पूर्णांक तीन. उत्तम.'

आठ नंबरलाही गॅसचा हीटर होता. आठ नंबरलाही जाळी होती. आठ नंबरची मागची भिंतही शनिवारीच झाकली होती. दुपारी हीटर लावून दार ओढलं की थेट दिवेलागणीला. अठरा वर्षांत एवढं सुख नव्हतं.

तिने सामाईक भिंतीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. या घरांत भिंतीपलीकडचं काही ऐकू येतच नाही.

"ताई?" ठेकेदार म्हणाला. "काय झालं?"

ती पळत सुटली.

६

वहिनी दारात आडव्या आल्या. "अहो, झोपल्यायत त्या..."

"खिडक्या उघडा! सगळ्या!"

सासूबाईंच्या खोलीचं दार उघडताना बरणीचा आवाज आला. काच पूर्ण ओली होती, पाणी ओघळून जमिनीवर आलं होतं. हीटरची ज्योत निळी असायची ती पिवळी, आळसावलेली जळत होती. पलंगावर म्हातारी कुशीवर, पांघरूण खांद्यापर्यंत, गाल गुलाबी.

पंखेवालीने श्वास रोखला, हीटर बंद केला, खिडकीची कडी काढायला गेली. कडी निघेना, इतकी घट्ट बसवली होती की तिला सरळ 'अ' श्रेणी मिळाली असती. तिने पेल्याने काच फोडली. मग म्हातारीच्या काखेत हात घालून ओढलं. वहिनींनी पाय धरले. "आई, आई गं, उठा हो, भांडा माझ्याशी," असं काहीबाही बोलत त्यांनी म्हातारीला बागेत आणलं आणि गवतावर निजवलं.

इन्स्पेक्टर फाटकाकडून धावत आला. त्याने पोलिसांची गाडी बोलावली होती सात नंबरच्या तपासासाठी. ती आठ नंबरच्या कामी आली.

म्हातारी हलत नव्हती. वहिनी तिचा तळहात चोळत होत्या, गालावर मारत होत्या, आणि प्रत्येक चापटीबरोबर माफी मागत होत्या. थंडी भयंकर होती. सगळी वसाहत हळूहळू बाहेर येऊन उभी राहिली.

ठेकेदार फाटकाजवळच्या आपल्या गाडीकडे निघाला होता.

"साहेब," पंखेवाली म्हणाली, "त्यांची गाडी उघडायला लावा. मंगळवारपासून दोन अलार्म आत असतील."

होते. सीटखाली, पिशवीत. त्याच पिशवीत निळ्या पट्टीचं अर्धं रीळ होतं.

"हे बुधवारी मीच त्यांना दिलं, आत्ता आठवतंय," ती म्हणाली. "खोकं बांधायला मागितलं होतं, परत घ्यायचं राहिलं."

"खरंय, माझ्यासमोर दिलं," चेअरमन म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

"अलार्म खराब आहेत," ठेकेदार म्हणाला. "म्हणून तर काढले. माणूस चुकू शकतो की नाही?"

इन्स्पेक्टरने एका अलार्ममध्ये सेल घातला. बागेत तो शांत राहिला. मग रुमाल नाकाशी धरून इन्स्पेक्टर आठ नंबरच्या घरात शिरला. आतल्या हवेने अजून घर सोडलं नव्हतं. थोडा वेळ गेला, आणि आतून असा कर्कश आवाज आला की फाटकावरची माणसं मागे सरली. डबा किंचाळत राहिला, आपण खराब नाही हे जणू सगळ्यांना सांगत. इन्स्पेक्टर खोकत बाहेर आला तरी त्याच्या हातात तो ओरडतच होता.

"मंगळवारी तुम्ही चुकलात, हे मी मानेन," पंखेवाली ठेकेदाराला म्हणाली. "काम तुमचं, अलार्म तुमच्या गाडीत. पण आज सकाळी चेअरमन फोनला गेले आणि तुम्ही काकांपाशी एकटे राहिलात. जाळीतून उजेड येत नाही हे तेव्हा दिसलं तुम्हाला. सगळं कळलं. गिलावा कुणी केला, अलार्म का ओरडत होता, सगळं. तेव्हा तुमच्यापाशी पाच-सात मिनिटं होती. शेजारी जाऊन 'वहिनी, हीटर लावू नका' म्हणायला एक पुरलं असतं. तुम्ही ती पट्टी चिकटवण्यात घालवलीत. आणि मग दिवसभर, त्या खोलीत हीटर लागणार हे माहीत असून, गप्प बसलात. कारण आठ नंबरची भिंत फोडली असती तर सात नंबरचीही फोडावी लागली असती."

ठेकेदाराने बूट पाहिले. चिखल लागला होता.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "पाटीचा फोटो झाला की."

तेवढ्यात गवतावरून एक घोगरा, संतापलेला आवाज आला.

"खिडकी कुणी फोडली? घर का धर्मशाळा आहे? थंडी आत येतेय!"

वहिनींनी सासूबाईंच्या छातीवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. सासूबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून आणखी काय काय बोलत राहिल्या. शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं की त्यात एकही चांगला शब्द नव्हता. गाडीत घालेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

ठेकेदाराला नेलं. चेअरमन फाटकावरच्या पितळी पाटीचे स्क्रू काढत होते, एकेक खिशात ठेवत. पुतणी काकांच्या दारात उभी राहून ते बघत होती.

इन्स्पेक्टर पंखेवालीजवळ आला. "झालं तर. पट्टीचं तुमच्यावर काही नाही. कागदावर एवढंच लिहितो." तो घुटमळला. "बुधवारी जाळी बंद होती ते तुम्हाला कळायचं काही कारण नव्हतं, असं लिहू ना?"

तो चांगला माणूस होता. त्याला घरी जायचं होतं.

पंखेवालीने वही उघडली. निळी, बिननंबराची चौथी पट्टी तिच्या कोटाच्या बाहीला चिकटून राहिली होती. तिने ती काढली, सात नंबरच्या पानावर बाकीच्या तीन पट्ट्यांखाली लावली, आणि पेनने त्यावर चार लिहिलं. मग वही त्याच्या हातात दिली.

त्याने आकडा वाचला. खालचा आकडा वाचला. दोन रेघा पाहिल्या.

"यावरून कळायला हवं होतं?"

"हो."

"मग 'उत्तम' का लिहिलंत?"

आठ नंबरच्या फुटक्या खिडकीतून पडदा बाहेर येऊन फडफडत होता. दिवसभरात पहिल्यांदाच तिला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येत होता.

"ते म्हणाले होते, पंखा जरा वेळ राहू द्या, डोकं हलकं वाटतंय," ती म्हणाली. "मी हे यंत्र बघत होते. बावीस वर्षांत माझ्या पंख्याखाली एवढा लहान आकडा आला नव्हता, साहेब. मला आनंद झाला होता."